थेम्सच्या काठाने, स्टेशन ते स्टेशन

रेडिंगहून डिडकॉटकडे जाणारी लोकल गाडी बराच वेळ थेम्सची पाठ सोडत नाही. टाइलहर्स्ट, पँगबोर्न, गोरिंग, चोल्सी ही मधली स्टेशनं नदीपासून सहज चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. म्हणजे सकाळी गाडीने वर जायचं, नदीच्या प्रवाहाबरोबर खाली चालत यायचं आणि पुढच्या स्टेशनावर घरची गाडी पकडायची. मोटार कुठे लावायची हा प्रश्न नाही आणि पबात कोणी घ्यायची, कोणी गाडी चालवायची हा वादही नाही. मे अखेरच्या बँक हॉलिडेचे तीन दिवस आम्ही असेच काढायचं ठरवलं.

आमचा ग्रुप म्हणजे रेडिंग आणि आसपासची दहा-बारा मराठी माणसं. कोणी आयटीतले, दोघी एनएचएसमधल्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या), एक नाशिककर जोडपं. शिवाय आमच्या गल्लीतले एक इंग्रज गृहस्थ, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो आणि आता तेही त्या हाकेला ओ देतात. या वेळी माझ्या सासूबाईही होत्या. सांगलीला रोज सकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन येणारी बाई, सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन आमच्या सेमी-डिटॅच्ड घरात कंटाळली होती. "चालायचंच आहे ना? मग मी येते," एवढंच म्हणाल्या.

शनिवार: चोल्सी ते गोरिंग

चोल्सीच्या प्लॅटफॉर्मवरच लीडरताईंनी शिरगणती केली. पुढे त्या आणि त्यांचा नकाशा, सगळ्यांत मागे 'शेपूट'. शेपटाचं काम एकच, आपल्या मागे कोणी उरलेलं नाही ना ते बघायचं. हे काम नाशिककर काकांकडे असतं, कारण ते फोटो काढत असल्यामुळे तसेही मागेच असतात.

नदीकडे वळण्याआधी गावाच्या टोकाला असलेल्या सेंट मेरी चर्चमध्ये गेलो. अगाथा ख्रिस्ती इथे पुरलेली आहे. १९३४ पासून तिचं घर इथून जवळच, वॉलिंगफर्डच्या विंटरब्रुकमध्ये होतं. तिथेच ती १९७६ च्या जानेवारीत गेली. चर्चच्या आवारात एका कोपऱ्यात भिंतीलगत मोठा दगड आहे, त्यावर तिचं आणि दोन वर्षांनी गेलेल्या नवऱ्याचं, पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवानचं नाव. पलीकडे शेतं, अधूनमधून दूर जाणाऱ्या गाडीचा आवाज. वहिनींनी कॉलेजात असताना तिच्या कादंबऱ्यांचा फडशा पाडलेला, त्या बराच वेळ तिथून हलेनात.

पुढची पायवाट थेट एका उभ्या पिकातून गेली होती. बार्ली कमरेच्या खाली, आणि मधून भांग पाडल्यासारखी वीतभर रुंदीची सरळ वाट. सासूबाई बांधावरच थांबल्या.

"अगं, कुणाच्या पिकातून चाललोय आपण? मालक बघेल ना!"

सरांना मी हे इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ते खूश झाले. हा त्यांचा आवडता विषय. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवाव्या लागल्या. नोंद झालेली वाट शेतातून जात असेल, तर पेरणी झाल्यावरही शेतकऱ्याने ती चालण्याजोगी ठेवायची. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशावरच्या हिरव्या तुटक रेघा म्हणजे याच वाटा. हे सगळं सरकारने आपण होऊन दिलेलं नाही. १९३२ साली उत्तरेकडच्या किंडर स्काउट डोंगरावर शेकडो माणसं मुद्दाम बेकायदा चढली, काही जण तुरुंगातही गेले. सर हे सांगत असताना सासूबाई पुढे निघाल्या होत्या, पण एकही ताट मोडणार नाही अशा बेताने, पदर सावरून. हक्क असला म्हणून काय झालं, पीक ते पीक.

जुन्या मनोरुग्णालयाच्या इमारती मागे टाकल्या (आता तिथे फ्लॅट झालेत) आणि नदी आली. थेम्स इथे रुंद आणि संथ आहे. काठावर कमरेइतकं पांढरं काउ पार्सली, हॉथॉर्नची झुडपं फुलांनी वाकलेली, आणि वर लाल घारी. या घारी इंग्लंडातून नामशेष झाल्या होत्या. १९८९ नंतर स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्न टेकड्यांत सोडली गेली. आज इथे त्या इतक्या माजल्या आहेत की सहलीला आलेल्यांच्या हातातलं सँडविच उचलून नेतात. आमच्याकडे दशम्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. घारींनी रस दाखवला नाही.

चालणाऱ्या ग्रुपचा इथे एक अलिखित नियम असतो. अकरा वाजले की थांबायचं. थर्मास निघतात, डबे निघतात. इंग्रज ग्रुपात फ्लॅपजॅक आणि केळी फिरतात, आमच्यात भडंग. सरांना आता भडंगाचं इतकं व्यसन लागलंय की ते स्वतःचा चमचा घेऊन येतात.

थोड्या अंतरावर मोल्सफर्डचा रेल्वे पूल. हा इंजिनिअर ब्रुनेलचा, गाडी इथून १८४० साली सुरू झाली. लोहमार्ग नदीला तिरका छेदतो, त्यामुळे कमानीही तिरक्या. नुसता पूल बघून हे कळत नाही, खाली उभं राहून वर बघायचं. विटांचे थर आडवे नाहीतच, ते कमानीच्या पोटातून पीळ घेत वर चढतात. पन्नास-एक वर्षांनी मार्ग चौपदरी करताना शेजारी दुसरा पूल बांधला आणि दोन्ही छोट्या कमानींनी जोडले. त्या मधल्या फटीतून येणारा उजेड विटांवर पडतो तेव्हा तो पीळ अगदी स्पष्ट दिसतो. वरून फास्ट गाडी गेली. सासूबाईंनी कमानीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "हललं नाही."

मग मोल्सफर्ड गाव, आणि इथे थेम्स पाथ नदीला सोडून डांबरी रस्त्यावर येतो. पहिल्यांदा चालणारा माणूस इथे हमखास वैतागतो. नदीकाठची वाट म्हणून आलो आणि हे काय, मोटारी? याला कारण आहे. थेम्स पाथ १९९६ साली राष्ट्रीय पदयात्रा मार्ग म्हणून उघडला, उगमापासून लंडनच्या थेम्स बॅरियरपर्यंत १८४ मैल. पण त्याच्या पोटातली बरीचशी वाट जुनी आहे, माल वाहणाऱ्या होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली. घोड्यांची वाट सोयीप्रमाणे आणि जमीनदारांच्या मर्जीप्रमाणे कधी या काठाला, कधी त्या काठाला जायची. काठ बदलायचा तिथे तरीतून, म्हणजे पैलतीरी नेणाऱ्या होडीतून, घोडा पलीकडे न्यायचे. मालवाहतूक रेल्वेने खाल्ली, या होड्या बंद पडल्या, आणि वाटेचे तुकडे उरले. आज नदीकाठ सोडून बंगल्यांच्या मागून किंवा हमरस्त्याने चालावं लागतं, तिथे बहुतेक वेळा अशी एखादी बंद पडलेली होडी असते. मोल्सफर्डलाही उतारावरून खाली नदीकडे जाणाऱ्या बोळाचं नाव फेरी लेनच आहे. तिथून वाट पुन्हा काठाला लागते आणि मग थेट स्ट्रीटलीपर्यंत सुटत नाही.

क्लीव्हचं लॉक आलं तेव्हा दोन नॅरोबोटी, लांबट अरुंद होड्या, आत शिरत होत्या. सासूबाईंनी लॉक पहिल्यांदाच पाहिलं. दोन दरवाज्यांमधला हौद. वरचा दरवाजा लावला, खालच्या झडपा उघडल्या, पाणी उतरलं, बोटही उतरली, मग खालचा दरवाजा. बोटीवरची बाई हातात दोर धरून त्यांच्याशी बोलत होती, ती इंग्रजीत आणि या मराठीत, आणि दोघींचं बरं चाललं होतं. समुद्राची भरती जिथवर पोचत नाही तिथवरच्या थेम्सवर अशी ४४ लॉक आहेत. क्लीव्ह ते त्याच्या वरचं बेन्सन हा त्यातला सगळ्यांत लांब पल्ला, साडेसहा मैल. आणि क्लीव्ह ते खालचं गोरिंग हा सगळ्यांत आखूड, जेमतेम दहा-बारा मिनिटांची चाल.

स्ट्रीटली आणि गोरिंग समोरासमोर. स्ट्रीटली बर्कशरमध्ये, गोरिंग ऑक्सफर्डशरमध्ये. दोन्ही बाजूंनी खडूच्या टेकड्या जवळ येतात आणि हिमयुगात वाट बदललेली थेम्स त्या खिंडीतून निघते. रिजवे हा दुसरा लांब पल्ल्याचा मार्गही इथेच नदी ओलांडतो. पूल १८३७ पर्यंत नव्हता. १६७४ साली गोरिंगच्या जत्रेहून परतणाऱ्यांची होडी बांधाऱ्याजवळ उलटली आणि साठेक माणसं बुडाली. आजच्या पुलावर उभं राहिलं की खाली तोच बांधारा गर्जत असतो. पुलापासून हाकेच्या अंतरावर जॉर्ज मायकेलचं घर. २०१६ च्या ख्रिसमसच्या दिवशी तो याच घरात गेला. नाशिककर काकूंना त्याची गाणी तोंडपाठ, हे आम्हांला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी गाडीला वेळ होता म्हणून एका पबात टेकलो. काकांनी हँडपंपाची बिटर घेतली, घोट घेतला आणि ग्लासकडे बघत राहिले.

"ही कोमट आहे."

सरांनी समजावलं. ही पिंपातली जिवंत बिअर. तिच्यात वरून गॅस भरत नाहीत, ती तळघरात बारा अंशांच्या आसपास ठेवतात आणि पंपाने हाताने ओढून काढतात. फ्रिजमधल्या लागरसारखी गार केली तर चवच लागणार नाही. काकांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो, त्यामुळे मत बनवायला वाव भरपूर. शेवटी म्हणाले, "चहाच्या कपात दिली असती तर आवडली असती." सासूबाईंनी लेमोनेड मागितलं. आलं ते स्प्राइटसारखं काहीतरी. लिंबू कुठंय, असं त्यांनी मला विचारलं आणि मी काठावरची चकती दाखवली.

रविवार: गोरिंग ते पँगबोर्न, आणि जेवण

चाल थोडी, साडेसहा किलोमीटर. लीडरताईंनी रविवार मुद्दाम हलका ठेवला होता, कारण दीड वाजता टेबल बुक होतं आणि रविवारच्या रोस्टला, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणाला, उशिरा पोचणं परवडत नाही.

गोरिंगहून वाट डाव्या काठाने जाते. म्हणजे आता नदी आमच्या उजव्या हाताला आली. सासूबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांच्या माहेरच्या एका काकांनी नर्मदा परिक्रमा पायी केलेली. त्यात मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिला मध्येच कुठे ओलांडायचं नाही. "काल डावीकडे होती, ते काही बरं वाटत नव्हतं," त्या म्हणाल्या. दुपारी पँगबोर्नला पुन्हा पूल ओलांडायचा आहे हे मी सांगितलं नाही.

ब्रुनेलचाच दुसरा पूल, गेटहॅम्प्टनचा, मागे गेला आणि हार्ट्सलॉकचं रान सुरू झालं. इथे वाट नदीच्या वर चढते, एका बाजूला झाडीतला उतार, खाली पाणी. वरच्या गवताळ चढावर निसर्गसंरक्षकांची राखीव जागा आहे आणि मे अखेरीस तिथे मंकी ऑर्किड फुलतं. ब्रिटनमध्ये हे हातावर मोजण्याइतक्याच ठिकाणी उरलंय. गुडघे टेकून बघावं लागतं. वितीएवढ्या दांड्यावर फिकट गुलाबी फुलांचा झुपका. एकेक फूल नखाएवढं, पण त्याला दोन हात, दोन पाय, मधे शेपटीचं टोक आणि अंगावर जांभळे ठिपके. वहिनी म्हणाल्या, "मारुतीरायाच की." गवतात ठिकठिकाणी काठ्यांचं कुंपण आहे, त्याच्या आत पाय टाकायचा नाही. एक इंग्रज म्हातारे गृहस्थ कॅमेरा घेऊन अक्षरशः पोटावर झोपले होते, त्यांनी आमच्याकडे वर बघितलंसुद्धा नाही.

मग शेवटचा चढ, रस्ता, व्हिटचर्च गाव, आणि टोलपूल. हा पूल आजही खासगी कंपनीच्या मालकीचा. १७९२ साली पार्लमेंटच्या कायद्याने ही कंपनी झाली, पूल बदलत गेले, आताचा २०१४ चा, कंपनी तीच. मोटारीला टोल, चालणाऱ्याला फुकट. काकांनी छाती काढून पूल ओलांडला.

पलीकडे पँगबोर्न. बांधाऱ्याच्या अगदी काठावर 'स्वान' पब आहे, नदीकाठचं टेबल मिळालं तर नशीब. बँक हॉलिडेच्या रविवारी आमच्याएवढ्या घोळक्याला तिथे उभं राहायलाही जागा नव्हती. आमचं टेबल गावातल्याच दुसऱ्या एका पबात होतं, तीन आठवडे आधी ठरवलेलं.

इथे थोडं सविस्तर सांगते. लोक विचारतात, पबात जेवायला जाण्यासाठी इतकं चालायचं कशाला. उलट विचारा. चालून आल्याशिवाय ते जेवण पचत नाही.

पोर्चमध्ये सगळ्यांचे बूट निघाले. लाकडी फरशीवर चिखल नको म्हणून चालणाऱ्यांनी मोज्यांवर आत जायचं ही जुनी रीत. काही पब दारात प्लॅस्टिकच्या पिशव्याही ठेवतात, बुटांवर चढवायला. दाराशी बुटांची रांग बघून सासूबाईंना एकदम घरच्यासारखं वाटलं. "देवळाबाहेर असतं तसंच," म्हणाल्या, आणि आपल्या चपला एका बाजूला नीट जोडून ठेवल्या.

मोठा ग्रुप असला की पब आधी यादी मागतात. कोणाला बीफ, कोणाला लँब, कोणाला चिकन, कोणाला सुक्यामेव्याचं नट रोस्ट. लीडरताईंनी स्प्रेडशीट केली होती. तरी थाळ्या आल्या तेव्हा नेहमीचा गोंधळ झालाच. "मी लँब म्हटलं होतं?" "तुम्हीच म्हटलं होतं, मेसेज आहे." तीन आठवड्यांपूर्वीची भूक कोणाच्या लक्षात राहते?

थाळीत काय असतं ते सांगते. मांसाचे पातळ काप, मधोमध. त्यावर टोपीसारखं बसवलेलं यॉर्कशायर पुडिंग. नाव पुडिंग, पण गोड नाही. मैदा, अंडी आणि दुधाचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतलं की ते भट्टीत फुगून वाटीसारखं होतं. त्या वाटीत ग्रेव्ही ओतायची. बाजूला भाजलेले बटाटे, बाहेरून खरपूस आणि आत भुसभुशीत. पार्सनिप, गाजर, कोबी. बीफबरोबर हॉर्सरॅडिश, जे मोहरीसारखं थेट नाकात चढतं. मराठी माणसाला सगळ्या थाळीत जर काही ओळखीचं वाटत असेल तर हे.

शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट विचारायचीच. नट रोस्ट शाकाहारी असतं, पण बटाटे? ते बहुतेक ठिकाणी बीफच्या किंवा बदकाच्या चरबीत भाजतात, त्यामुळेच तर इतके खरपूस होतात. ग्रेव्हीही वेगळी मागावी लागते. वाढणारी मुलगी मागे जाऊन विचारून आली. नट रोस्टचे बटाटे तेलातले होते, ग्रेव्ही वेगळ्या भांड्यातली. एवढ्यावर वहिनी निश्चिंत झाल्या.

सासूबाईंची त्या दिवशी एकादशी. हे त्यांनी मला सकाळी गाडीत सांगितलं. मी घाबरले, त्या नाहीत. "बटाटा असेल ना? मग झालं." मी त्या मुलीला समजावलं की आजींना फक्त बटाटा, साल धुऊन, चरबी नाही, तेल नाही, मिरपूड नाही. तिने नीट ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, आणि शेफलाच बाहेर बोलावलं. तो हात पुसत आला, म्हणाला भट्टीत सालासकट दोन मोठे बटाटे लावतो, पाऊण तास लागेल, आजी थांबतील का? आजी थांबल्या. सगळ्यांचं जेवण होत आलं तेव्हा दोन वाफाळणारे बटाटे आले, मधून चिरलेले, शेजारी लोण्याची वडी. सासूबाईंनी पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली. तिच्यात शेंदेलोण आणि कुटलेलं जिरं. लोणी घातलं, चिमूट भुरभुरली, आणि इतक्या निवांतपणे जेवल्या की शेजारच्या टेबलावरच्या बाईने आमच्या टेबलाकडे बोट दाखवून वेटरला विचारलं, ते काय आहे, मेनूत का नाही?

नंतर अ‍ॅपल क्रम्बल आणि कस्टर्ड. सर म्हणतात कस्टर्ड उरलं तर तो अपराध आहे. उरलं नाही.

बिल आलं आणि मग खरी सांस्कृतिक तफावत. इंग्रज ग्रुपात एकेक जण सगळ्यांसाठी ड्रिंक्सची फेरी घेतो, आपली पाळी चुकवणारा माणूस वर्षानुवर्षं लक्षात ठेवला जातो. आमच्यात कॉन्ट्री. नाशिककर काकूंनी कॅल्क्युलेटर काढला, ज्यांनी प्यायलं नाही त्यांचं वेगळं, एकादशीचं वेगळं. सासूबाईंच्या बटाट्याचे पैसे लावलेच नव्हते. त्यांना ते पटलं नाही, त्यांनी पर्समधून पाच पौंडांची नोट काढून बाटलीखाली ठेवली.

संध्याकाळी एका मित्राची मोटार मिळाली, म्हणून आम्ही चौघं टेकडीवर स्टोक रो गावाला जाऊन आलो. सासूबाईंना काशीची विहीर बघायची होती. होय, काशीची. ऑक्सफर्डशरच्या खडूच्या टेकड्यांवर पाणी टिकत नाही. एडवर्ड रीड नावाचा इथला माणूस उत्तर भारतात मोठा अधिकारी होता. त्याने काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना आपल्या मुलखातल्या पाण्याच्या हालांची गोष्ट सांगितलेली. रीडने भारतात विहीर खोदायला मदत केली होती. राजाने त्याची परतफेड म्हणून १८६४ साली स्टोक रोला विहीर खोदवून दिली. ३६८ फूट खोल, रुंदी जेमतेम चार फूट, सगळी हाताने खोदलेली. वर लोखंडी खांबांवर घुमट, खाली रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. विहिरीच्या देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली होती, तिलाही राजाचंच नाव, ईश्री बाग. सासूबाईंनी कठड्यावरून आत वाकून पाहिलं. तळ दिसत नाही. पूर्वी गावाने एवढ्या खोलातून बादली कशी ओढली असेल, हा प्रश्न त्यांना राजापेक्षा महत्त्वाचा वाटला.

सोमवार: पँगबोर्न ते रेडिंग

आभाळ भरून आलेलं. पँगबोर्न मेडोवर नदी शांत, गाई काठावर. मेपलडरहॅमचं लॉक लवकर आलं. १९५६ मध्ये थेम्सवर यंत्राने चालणारं हे पहिलं लॉक झालं. पलीकडच्या काठावर पंधराव्या शतकापासूनची पाणचक्की आहे, अजून पीठ दळते. १९७० सालच्या ब्लॅक सॅबथ या रॉक बँडच्या पहिल्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर जी गूढ पाणचक्की आहे, ती हीच. पण पलीकडे जायचं कसं? पूल नाही, होडीही नाही. नदीच्या या काठावरून फक्त मान उंचावायची.

लगेच पुढे पर्ली, आणि वाट पुन्हा नदी सोडते. नव्या घरांच्या वसाहतीतून, कचऱ्याच्या डब्यांच्या रांगांमधून, ऑक्सफर्ड रोडवर. कारण तेच. इथल्या जमीनमालकाने आपल्या काठावर घोड्यांची वाट होऊ दिली नव्हती. त्यामुळे थोड्याशा अंतरात दोनदा होडीने नदी ओलांडावी लागायची. दोन्ही होड्या गेल्या, अडवणूक राहिली.

पर्ली हॉल इथून जवळच आहे, वाटेवरून दिसत नाही. वॉरन हेस्टिंग्ज महाभियोगाचा खटला चालू असताना काही वर्षं तिथे भाड्याने राहायचा. तोच हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. या पट्ट्यात त्याची ओळखीची माणसं बरीच होती. पँगबोर्नच्या वर बॅसिल्डन पार्क आहे, फ्रान्सिस साइक्सने १७७६ मध्ये बांधायला घेतलेला महाल. त्याने पैसा बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत केला होता. आता तिथे नॅशनल ट्रस्टचं (जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचं) तिकीट काढून लोक स्कोन खातात.

हेस्टिंग्जवरच्या आरोपांत एक मोठा आरोप काशीचा राजा चेतसिंग याला लुबाडून पदच्युत केल्याचा होता. म्हणजे ज्या गादीकडून त्याने पैसे उकळले, त्याच गादीवरच्या पुढच्या एका राजाने, ऐंशी-एक वर्षांनी, इथून काही मैलांवर गरीब इंग्रज खेडुतांना विहीर बांधून दिली. हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला. हे मी चालता चालता सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग घेतलेलं परत कुणी दिलं का?" मी सांगितलं, नाही. "मग विहीर कशाला दिली?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि सरांकडेही नव्हतं. तेही मुकाट चालत होते.

टाइलहर्स्टला रुळांवरचा पादचारी पूल ओलांडून पुन्हा नदीकाठी उतरलो. इथून रेडिंगपर्यंत सरळसोट वाट, एका हाताला रेल्वे, एका हाताला पाणी. पाऊस सुरू झाला. कोणी फारसं बोलत नव्हतं. ऑगस्टमध्ये जिथे रेडिंग फेस्टिव्हलचे तंबू पडतात ते मैदान मोकळं होतं. कॅव्हरशॅम ब्रिज दिसला तेव्हा सगळे भिजलेले आणि भुकेले.

तिथला एक पब आधी ठरवला नव्हता, आणि सोमवारी सुट्टीच्या दिवशी तीननंतर किचन बंद. आत बसायला मिळालं, एवढंच. काकांनी सगळ्यांसाठी क्रिस्प्सची, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सची, पाकिटं आणली आणि सरांनी ती इंग्रज पद्धतीने उघडली. पाकीट वरून न फाडता शिवणीवरून उभं फाडायचं, उलगडून चौकोनी पसरायचं, मधोमध ठेवायचं, म्हणजे सगळ्यांचे हात पोचतात. चीज अँड अनियन, सॉल्ट अँड व्हिनेगर. काकूंनी पिशवीतून उरलेलं भडंग काढलं आणि बारमागच्या मुलाला विचारलं, चालेल का? तो म्हणाला, मला थोडं द्याल तर.

पुढचा टप्पा सॉनिंग ते हेन्ली, सप्टेंबरात, रविवारी. पबला फोन करून टेबल ठरवायचं काम या वेळी माझ्याकडे आलंय. शाकाहारी किती, मांसाहारी किती, बटाटे कशात भाजतात, आणि त्या रविवारी एकादशी आहे का, ते आधी कालनिर्णयात बघून घेते.